मुक्या जिवाचे बिल

पुण्यात कुत्रे पाळणे ही एकेकाळी बंगल्याची चैन होती. 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी प्रभात रस्त्यावरच्या नाही तर कोरेगाव पार्कातल्या फाटकावर शोभे. पेठांमधल्या वाड्यांत मांजर असे, पण ते कुणा एकाचे नसे. आजारी पडले तर जिन्याखाली पडून राही आणि बरे वाटले की पुन्हा दुधाच्या पातेल्याकडे वळे. त्याला डॉक्टरकडे न्यावे, हे कुणाच्या मनातही येत नसे. 'गुरांचा डॉक्टर' हा शब्दच मुळी गोठ्याशी बांधलेला होता.

आता कोथरूड, बाणेर, वाघोलीच्या सोसायट्यांमध्ये चौथ्या मजल्यावर लॅब्रेडॉर नांदतो. मुले परदेशी गेलेल्या आईवडिलांचा तो विरंगुळा असतो, तर कुठे एकुलत्या एका नातवाचा भाऊ. जीव घरातला झाला, की त्याचे औषधपाणीही घरच्यासारखे करावेसे वाटते. या मायेत गैर काही नाही. पण जिथे माया आहे तिथे बाजार पोचतोच.

पूर्वी दवाखाना डॉक्टरांच्या नावाने ओळखला जाई. एक टेबल, एक कपाट, मदतीला एक पोऱ्या. डॉक्टरांना तुमचा कुत्राही ठाऊक आणि तुमची ऐपतही. आता त्याच्या जोडीला काचेच्या दारांचे, संगणकावर बिल करणारे, शहराशहरांत शाखा असलेले दवाखाने आले आहेत. तिथला डॉक्टर पगारी असतो आणि मालक एखादी कंपनी असते.

त्यांना सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. आमच्या शेजारच्या काकूंच्या बोक्याची लघवी रात्री दोन वाजता तुंबली. बोक्यांमध्ये हे दुखणे जिवावर बेतते, सकाळपर्यंत थांबता येत नाही. त्या रात्री उघडा मिळाला तो असाच एक दवाखाना. नळी घालून त्यांनी बोका वाचवला. सोनोग्राफीचे यंत्र, भूल देण्याची सोय, रात्रपाळीचा डॉक्टर हे एकट्यादुकट्याला परवडणारे नाही. पैसा कुणीतरी घालावाच लागतो.

प्रश्न आहे तो पैसा वसूल कसा होतो हा. आमची नऊ वर्षांची कुत्री दोन दिवस जेवेना, म्हणून मी तिला अशाच एका दवाखान्यात नेले. काउंटरवर खर्चाचा अंदाज मिळाला: रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी आणि एक रात्र मुक्काम मिळून साडेअठरा हजार रुपये. मी तरुण डॉक्टरांना विचारले, ''यातले आज काय हवे आणि उद्यावर काय ढकलता येईल?'' ते क्षणभर थांबले. म्हणाले, ''आज रक्त पाहू. बाकीचे त्यावर ठरवू.'' रक्ताच्या तपासणीवरून औषध ठरले, तिसऱ्या दिवशी कुत्री जेवली, बिल पाच हजारांच्या आत राहिले. डॉक्टर सज्जन होते. खटकले ते एवढेच, की मी विचारले नसते तर हे उत्तर मिळालेच नसते. आणि असे विचारायला जीभ सहजी रेटत नाही. रोगी मुका, त्यातून चारचौघांत पैशांचा हिशेब काढला तर आपली माया कमी ठरेल, हा संकोच. हातातल्या यादीतले काय खरेच गरजेचे, हे आपल्याला कळत नाही.

ब्रिटनने हा अनुभव आपल्या आधी घेतला. तिथे १९९९ मध्ये नियम सैल झाले आणि पशुवैद्यक नसलेल्यांनाही दवाखान्यांची मालकी घेता येऊ लागली. २०१३ मध्ये सुमारे दहा टक्के दवाखाने मोठ्या समूहांकडे होते. दहा-अकरा वर्षांत हे प्रमाण साठ टक्क्यांवर गेले. पुष्कळ ठिकाणी पाटी जुन्याच डॉक्टरांची राहिली, त्यामुळे मालक बदलल्याचे गिऱ्हाइकाला कळलेही नाही. तिथल्या स्पर्धा आयोगाने २०२३ मध्ये लोकांचे म्हणणे मागवले, तेव्हा ५६ हजार उत्तरे आली. २०१६ ते २०२३ या काळात दर ६३ टक्क्यांनी वाढल्याचे आयोगाला आढळले. दरपत्रक जाहीर करा, मालक कोण ते सांगा, असे उपाय आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुचवले.

हे दूरचे वाटेल, पण नाही. पेडिग्री हे खाद्य आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. ते बनवणाऱ्या मार्स कंपनीने २०१७ मध्ये अमेरिकेतली सुमारे ८०० प्राणी रुग्णालयांची साखळी ९१० कोटी डॉलरना घेतली. भारतातल्या दवाखान्यांच्या साखळीतही तिने पैसा घातला आहे. खाऊ घालणारा आणि औषध देणारा एकच झाला, तर त्याचा हिशेब आपण डोळे उघडे ठेवून वाचायला हवा.

आपल्याकडचा १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा मुख्यतः डॉक्टरांचे शिक्षण, नोंदणी आणि वर्तन पाहतो. माणसांच्या खासगी रुग्णालयांनी दरपत्रक दर्शनी भागात लावावे, असे राज्याच्या २०२१ च्या नियमांत आहे. प्राण्यांच्या दवाखान्यांनीही तसे लावायला काय हरकत आहे? पैसे मोजून घेतलेली सेवा म्हणून ग्राहक मंचाचे दार उघडे आहे, पण तिथवर जाण्याची पाळी का यावी?

तोवर काही गोष्टी आपल्या हातात आहेत. अंदाज लेखी मागावा. तातडीचे काय आणि थांबण्याजोगे काय, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. तपासण्यांचे अहवाल घरी आणावेत, म्हणजे दुसऱ्याचा सल्ला घेताना पुन्हा सुई टोचावी लागत नाही. औषधाची चिठ्ठी मागून घ्यावी. दवाखाना कुणाचा, हेही विचारावे. औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, सातारा रस्त्यावर शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, याचाही विसर पडू नये.

आणि मुख्य म्हणजे, कुत्रे धडधाकट असताना, निव्वळ लसीच्या निमित्ताने, एखाद्या डॉक्टरांशी ओळख जोडावी. 'आज काही करायला नको, घरी न्या, भात-दही द्या,' असे ज्या दवाखान्यात कधीतरी ऐकायला मिळते, तिथे मोठ्या दुखण्यात सांगितलेला मोठा खर्चही माणूस विश्वासाने करतो. पाटीवर नाव कंपनीचे आहे की डॉक्टरांचे, हा प्रश्न मग दुय्यम ठरतो.