दोन गावांची बातमीदार

आचऱ्याची गावपळण लागली की सगळं गाव शिवेबाहेर पडतं. दर काही वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल होतो. मग तीन दिवस आणि तीन रात्री लोक गुरं-ढोरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं सोबत घेऊन वेशीपलीकडे झोपड्या घालून राहतात. नंतर पुन्हा कौल घ्यायचा आणि देवाने होकार दिला तरच घरी परतायचं. या दिवसांत बाहेरचे कॅमेरे मालवण तालुक्यात येतात, बंद दारं आणि सुनसान रस्ते टिपतात आणि निघून जातात. पण बातमी देणारी आचऱ्याचीच सून असेल तर तिला आधी स्वतःची चूल हलवावी लागते. सासूची औषधं, पोरांचे कपडे, तांदळाची पिशवी आणि त्यातच कुठेतरी मोबाइलचा चार्जर. तिची बातमी झोपडीतून जाते. संसार, प्रवास आणि पत्रकारिता यांतलं एक काढून दुसरं ठेवायची सोय तिला नसते.

पत्रकारिता हा सिंधुदुर्गाचा मोठा अभिमान आहे, आणि तो रास्तही आहे. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर शिकायला मुंबईला गेले आणि ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ काढलं. ते मराठीतलं पहिलं वृत्तपत्र, म्हणून आपण त्या दिवशी पत्रकार दिन साजरा करतो. बाईच्या हाती वृत्तपत्राचं संपादकपद यायला त्यानंतर बराच काळ लागला. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या तानूबाई बिर्जे यांनी पती वासुदेवराव गेल्यावर सत्यशोधकांचं ‘दीनबंधू’ चालवलं. देशातल्या पहिल्या स्त्री-संपादक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. हे पत्र त्यांच्याकडे आलं ते संसाराच्या वाटेनेच, आणि तरीही आपल्याकडे बाईची पत्रकारिता आणि बाईचा संसार जणू एकमेकांचे वैरी असल्यासारखं बोललं जातं. मला मात्र मालवणच्या किनाऱ्यावर याच्या उलट दिसतं.

तालुका वार्ताहराचं काम कसं चालतं, हे पेपर वाचणाऱ्यांनाही सहसा माहीत नसतं. पगार असा नसतो, थोडं मानधन असतं. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. गणपती, दिवाळी, पेपरचा वर्धापनदिन, पुढाऱ्याचा वाढदिवस या दिवसांसाठी जाहिराती गोळा करायच्या, आणि ज्याच्याकडून जाहिरात घेतली त्याच्याच विरोधातली बातमी पुढच्या आठवड्यात द्यायची वेळ आली तर मन घट्ट करायचं. त्यामुळे जवळपास प्रत्येक वार्ताहराचा दुसरा धंदा असतो. कोणाची शिकवणी, कोणाचं दुकान, कोणाची विम्याची एजन्सी, तर तारकर्ली-देवबागच्या बाजूला पर्यटकांसाठी दोन खोल्या. बाईच्या बाबतीत या दोन धंद्यांवर घर हा तिसरा, आणि तो कोणी मोजत नाही.

आणि हेच घर तिला बातम्या पुरवतं. किनाऱ्यावर अनोळखी बाई दिसली की पहिला प्रश्न येतो, ‘तू कोणाचा चेडू गो?’ ओळखपत्र कोणी मागत नाही. माहेरचं आणि सासरचं नाव सांगितलं की त्यातलं एक तरी लागू पडतं. पुरुष वार्ताहराचं गाव बहुतेक वेळा एकच असतं, बाईची दोन असतात. माहेर दोडामार्गला आणि सासर मालवणला असलेल्या बाईला जिल्ह्याची दोन्ही टोकं घरातली आहेत. तिकडे तिलारीच्या खोऱ्यात हत्तींनी माड आणि केळी आडवी केली की आईचा फोन येतो. २०१६ पासून दोडामार्ग-बांदा भागात माकडताप डोकं वर काढू लागला. काजू वेचायला आणि लाकूडफाटा आणायला रानात जाणाऱ्यांना गोचिडीपासून हा धोका होता, आणि या कामांत बायाच पुढे. ‘वहिनी तापाने पडली, रक्त तपासायला नेलंय’ हे वाक्य आरोग्य खात्याच्या प्रेसनोटआधी माहेरच्या फोनवर येतं.

मासळीचंही तसंच. पर्ससीन जाळी वापरणाऱ्या आणि पारंपरिक मच्छीमारांचा वाद इथे वर्षानुवर्षं पेटलेला आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन निर्णयाने पर्ससीनवर निर्बंध आले, पुढे एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आली, तरी संघर्ष मिटला नाही. त्याच्या बातम्या समुद्रात पकडलेल्या नौकांच्या आणि जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या निवेदनांच्या असतात. पण बांगडा कमी आला की लिलावात टोपली घेणाऱ्या बाईने उचल कोणाकडून घेतली, बंदीच्या जून-जुलैत तिने घर कशावर चालवलं, हे वाळूवर तिच्या शेजारी उकिडवं बसल्याशिवाय कळत नाही. या बाया माईक पुढे धरणाऱ्याला ‘सगळा बरा हा’ एवढंच सांगतात. शेजारणीला मात्र आकडे सांगतात.

नात्याचा जाच नाही असं मी म्हणत नाही. ज्या ठेकेदाराच्या रस्त्याची बातमी द्यायची, तो नणंदेच्या सासरचा निघतो. ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला, त्याच्या घरी पुढच्या महिन्यात लग्नाला जायचं असतं. भावकी घरी येऊन चहा पिता पिता सुनावते, आणि ते तिला नव्हे, तिच्या नवऱ्याला किंवा सासऱ्याला सुनावते. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात प्रस्तावित रिफायनरीच्या जमिनींविषयी लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांना ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूरजवळ गाडीने चिरडलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यानंतर कोकणातल्या किती घरांत ‘हे सगळं कशाला हवं?’ असा प्रश्न उठला असेल, हे सांगायला नको. तरीही सासू सकाळी डबा भरून देते आणि नवरा स्कूटीत पेट्रोल आहे का बघतो, अशी घरं इथे आहेत. अशा घरांचाही त्या बातमीत वाटा असतो.

बाहेरचे कॅमेरे येऊन गेले तरी बातमी इथल्याच माणसांची राहते. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला. जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी, ४ डिसेंबर २०२३ रोजी त्याचं अनावरण झालं होतं. त्या आठवड्यात मालवणात देशभरचे कॅमेरे होते. ते गेल्यावरही तपास चालला, कोर्टाच्या तारखा पडल्या, आणि त्या रोजच्या बातमीचा भार इथल्याच माणसांवर राहिला. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळातही हेच झालं. किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. स्वतःच्या घराची कौलं उडालेल्या माणसांनी दुसऱ्यांच्या नुकसानीचे आकडे गोळा केले.

राहिला प्रवास. मालवणला रेल्वे नाही, कुडाळ स्टेशन सुमारे तीस किलोमीटरवर. १९८१ साली जिल्हा वेगळा झाला आणि मुख्यालय ओरोसला गेलं. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्हा परिषद सगळं तिथे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. अधिस्वीकृतीधारक पत्रकाराला एसटीची सवलत त्याहून मोठी, पण गावोगावच्या बहुतेक वार्ताहरांच्या हाती अधिस्वीकृती पत्रिका पोचतच नाही. तिकिटापेक्षा मोठी अडचण वेळेची आहे. पत्रकार परिषद संध्याकाळी सहाला ठेवली आणि साहेब साडेसातला आले, की परतीच्या गाडीची खात्री राहत नाही. पावसाळ्यात कसाल ते मालवण रस्ता अंधारात एकटीने स्कूटीवर काटायचा म्हणजे घरचे सगळे फोन हातात धरून बसतात. मग ती वार्ताहर बाई जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयातून विचारणा होते की ही बातमी आपल्याकडे का नाही. तीच परिषद सकाळी अकराला ठेवायला कोणताही निधी लागत नाही, शासन निर्णय लागत नाही. तालुक्याच्या बातमीवर ‘प्रतिनिधी’ऐवजी तिचं नाव छापायलाही लागत नाही.