ओल असूनही पीक का सुकते?

कालव्याच्या पाण्याखालील शेतात कधी कधी असे दृश्य नजरेस पडते की, जमिनीत भरपूर ओल आहे, पायांस चिखल लागत आहे, आणि तरीही दुपारच्या वेळी पिकाने माना टाकलेल्या आहेत. पीक सुकते त्या अर्थी त्यास पाणी कमी पडत असले पाहिजे, असा साहजिकच समज होऊन शेतकरी पाण्याची आणखी एक पाळी देतो. परंतु पीक सुधारण्याऐवजी अधिकच निस्तेज होते, आणि काही वर्षांनी त्याच जमिनीवर क्षारांचा पांढरा थर दिसू लागतो. हे नुकसान टाळावयाचे असेल, तर जमिनीत पाणी असणे आणि ते रोपास मिळणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ह्या दोहोंच्या मध्ये जो पडदा आहे, त्यास पेशीपटल असे म्हणतात.

पेशी आणि तिचे पटल

ज्याप्रमाणे भिंत विटांची, त्याप्रमाणे वनस्पतीचे शरीर पेशींचे बनलेले असते. मुळांच्या टोकांजवळ जी बारीक केसासारखी लव दिसते, तिच्यातील प्रत्येक केस म्हणजे एकाच पेशीचा लांबट भाग होय. पेशीच्या बाहेरच्या बाजूस टणक भित्तिका असते. तिच्यातून पाणी व विरघळलेले क्षार सहज आरपार जातात. खरा पहारा असतो तो तिच्या आतील पटलाचा. हे पटल इतके पातळ असते की, एक मिलिमीटर जाडी भरून येण्यास अशी सुमारे सव्वा लाख पटले एकावर एक रचावी लागतील. ते स्निग्ध पदार्थाच्या रेणूंच्या दोन थरांचे बनलेले असून त्यात ठिकठिकाणी प्रथिनांचे रेणू बसविलेले असतात. पटलाची ही रचना सिंगर व निकोल्सन ह्या शास्त्रज्ञांनी १९७२ साली मांडली.

पटलाचे काम डोळ्यांनी पाहावयाचे असेल, तर बीटाच्या दोन चकत्या कापून रंग येणे थांबेपर्यंत पाण्याने धुवाव्यात. एक चकती थंड पाण्यात व दुसरी उकळत्या पाण्यात टाकावी. थंड पाणी बराच वेळ जवळजवळ स्वच्छ राहते, तर गरम पाणी लागलीच लालभडक होते. रंग दोन्ही चकत्यांत सारखाच होता. परंतु उष्णतेने पटल फाटले आणि आतील रंग बाहेर पडला. पटल शाबूत असेपर्यंत आत काय ठेवावयाचे व बाहेर काय सोडावयाचे, ह्याचा निवाडा पेशीच्या हाती असतो.

पाणी कोणत्या दिशेने जाते?

पाणी पेशीपटलातून दोन्ही दिशांनी जाऊ शकते. पटलाच्या स्निग्ध थरातून ते थोडेफार झिरपते, परंतु त्याच्या येण्याजाण्यासाठी प्रथिनांच्या खास वाटाही असतात. पीटर अॅग्रे ह्यांनी १९९२ साली अशी वाट प्रयोगाने सिद्ध केली व त्याबद्दल त्यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे वनस्पतींच्या मुळांतही ह्याच जातीच्या वाटा आढळून आल्या.

पाण्याच्या ह्या हालचालीचा नियम सोपा आहे. पटलाच्या ज्या बाजूचे द्रावण पातळ असेल, त्या बाजूकडून दाट द्रावणाच्या बाजूकडे पाणी ओढले जाते. ह्या क्रियेस परासरण असे नाव आहे. हा अनुभव आपल्या घरातही रोजचा आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्याच वेळात त्यांना पाणी सुटते. बाहेरील मिठाच्या दाट द्रावणाने फोडींच्या पेशींतील पाणी ओढून घेतलेले असते. बटाट्याच्या चकत्या एका पेल्यात साध्या पाण्यात व दुसऱ्या पेल्यात मिठाच्या पाण्यात दोन तास ठेवून पाहाव्यात. पहिल्या ताठ राहतात, दुसऱ्या लुळ्या पडून वाकू लागतात. शेतकऱ्यांच्या सभेत हा प्रयोग कोणत्याही कार्यकर्त्यास करून दाखविता येईल.

शेतातही हेच घडते. पेशीतील रस जमिनीतील पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी मुळांत शिरते. पानांतून होणारे बाष्पीभवन ते वर खेचते. परंतु जमिनीतील पाण्यात क्षार वाढत गेले की हा फरक कमी होत जातो, आणि मुळास पाणी घेणे कठीण होत जाते. बाहेरील द्रावण पेशीरसाहून दाट झाले, तर उलट मुळांतील पाणीच बाहेर ओढले जाते. ओल्या जमिनीत पीक तहानलेले का राहते, ह्याचे हे उत्तर होय.

क्षारांचे मान मातीच्या संपृक्त अर्काच्या विद्युतवाहकतेवरून मोजतात. ते ४ डेसिसायमन प्रति मीटर ह्याहून अधिक असल्यास जमीन खारवट समजतात. एवढ्या वाहकतेस लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम क्षार पुरतात. सर्व पिकांची सहनशक्ती सारखी नसते. घेवड्याचे उत्पन्न १ पासून व उसाचे सुमारे १.७ पासूनच घटू लागते. कापूस मात्र सुमारे ७.७ पर्यंत तग धरतो.

अन्नद्रव्यांचा प्रवेश

पाण्यात विरघळलेली नत्र, पालाश, चुना इत्यादी अन्नद्रव्ये विद्युतभारित कणांच्या रूपाने असतात, व पटलाचा स्निग्ध थर त्यांना अडवितो. त्यांच्यासाठी प्रथिनांच्या निरनिराळ्या वाटा व वाहक असतात. मूळ पालाशाचा कण निवडून आत घेते आणि सोडियमचा कण शक्यतो बाहेर ढकलते. परंतु ह्या कामास शक्ती खर्च करावी लागते, व ती शक्ती मुळांच्या श्वसनातून मिळते. श्वसनास हवा हवी. जमिनीत पाणी साचून तिच्यातील पोकळ्या भरल्या की मुळे गुदमरतात, अन्नद्रव्ये घेणे मंदावते व सोडियम रोखण्याची ताकदही कमी होते. इतकेच नव्हे, तर हवेअभावी मुळांतील पाण्याच्या वाटाही बंद होतात. म्हणून साचलेल्या पाण्यातील पीक पिवळे पडते आणि सुकतेही. अशा शेतास आणखी पाणी देणे म्हणजे गुदमरणाऱ्यास पुन्हा बुडविण्यासारखे होय.

खतांचा वापर

खत हेही एक क्षारच आहे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. बियाण्यास चिकटून खत पडल्यास त्याच्या दाट द्रावणाने कोवळ्या मुळांतील पाणी ओढले जाऊन उगवण मारली जाते. सोडियम नायट्रेटचा क्षार-निर्देशांक १०० धरला असता म्युरेट ऑफ पोटॅशचा सुमारे ११६, युरियाचा ७५ व सुपर फॉस्फेटचा केवळ ८ येतो. शिवाय युरियापासून सुटणारा अमोनिया कोवळ्या मुळांस अपाय करतो. म्हणून पहिली दोन खते बियाण्यालगत कधीही देऊ नयेत. खत बियाण्याच्या बाजूस व खाली सुमारे ५ सेंटिमीटर अंतरावर पेरावे, नत्र एकदम न देता हप्त्यांनी द्यावे, आणि जमिनीत पुरेशी ओल असतानाच द्यावे.

फवारणीसही हाच नियम लागू आहे. २ टक्के युरियाच्या फवारणीसाठी १० लिटर पाण्यास २०० ग्रॅम युरिया पुरतो. अधिक गुण येईल ह्या आशेने प्रमाण वाढविल्यास पानांच्या कडा करपतात. फवारणी सकाळी किंवा सायंकाळी करावी. भर उन्हात थेंब आटून द्रावण दाट होते.

बिघडलेली जमीन सुधारणे

कालव्याच्या पाण्याने जमिनी खारवट होण्याचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. हॅरॉल्ड मॅन व ताम्हणे ह्यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींविषयीची आपली पाहणी १९१० सालीच प्रसिद्ध केली होती. आज सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांच्या नदीकाठच्या काळ्या जमिनींतही हे दुखणे आढळते. कारण एकच. प्रमाणाबाहेर दिलेल्या पाण्याने भूजल वर चढते, पृष्ठभागाजवळ येऊन आटते व क्षार मागे राहतात.

उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम निचऱ्याचे चर खणावेत किंवा जमिनीखाली सच्छिद्र नळ टाकावेत. त्यानंतर वाफे बांधून गोड्या पाण्याने क्षार धुवून काढावेत. निचरा न करता पाणी कोंडल्यास क्षार जागच्या जागी राहतात व भूजल आणखी वर येते. चोपण जमिनीत, म्हणजे जेथे सोडियम मातीच्या कणांस चिकटलेला असतो अशा जमिनीत, माती परीक्षणानुसार जिप्सम घालावे लागते. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते. केवळ खारवट जमिनीस मात्र जिप्समचा खर्च करण्याचे सहसा कारण नसते. म्हणून परीक्षण अगोदर, खर्च नंतर. त्यापुढे धैंचा किंवा ताग गाडावा. विहिरीच्या पाण्याचीही तपासणी करून घ्यावी.

चराचे पाणी ओढ्यापर्यंत नेण्यास बहुधा शेजाऱ्यांच्या शेतांतून वाट काढावी लागते. हे काम एकट्याचे नव्हे. शिवारातील सर्व खातेदारांस एकत्र बसवून चराची दिशा ठरविणे, ही गावपातळीवरील कार्यकर्त्याची मोठीच कामगिरी ठरेल.

तेव्हा ओल्या जमिनीत पीक सुकलेले दिसताच पाण्याचे दार उघडण्यापूर्वी कुदळीने एक हात खड्डा घेऊन पाहावा. खाली पाणी साचले आहे काय, मुळे काळी पडली आहेत काय, मातीवर पांढरा थर आहे काय, हे तपासावे व मातीचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा. पाण्याची पाळी त्यानंतरच ठरवावी.