तेंदूचा पुडा आणि पहिलीचे गणित

मे महिन्यात गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात घरोघरी तेंदूपानांचे पुडे बांधले जातात. एका पुड्यात 70 पाने आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पाने जुळवायची, मोजायची, बांधायची आणि उन्हात ओळीने वाळत घालायची. घरातली लहान मुले हे बघत आणि मधूनमधून हात लावत मोठी होतात. जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडतात आणि याच मुलांपुढे फळ्यावर अंक येतात. त्यांच्या बोटांना मोजणीची जी सवय आधीच आहे, तिची दखल बहुतेक वर्गांत कोणी घेत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात बोलीही अनेक आहेत. भामरागड, एटापल्लीकडे माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, सिरोंच्यात तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगडी, मुलचेऱ्यातल्या वसाहतींमध्ये बंगाली. सहा वर्षांचे मूल यांतली एखादी बोली घेऊन पहिलीत येते आणि पुस्तक मराठीत असते. अशा वर्गात केवळ बोलून शिकवणे फार अपुरे पडते. हातात घेता येणारी वस्तू मात्र मूल आणि शिक्षक या दोघांनाही समजते. म्हणूनच कृतीतून शिकणे इथे ‘उपक्रम’ म्हणून वेगळे काढून ठेवता येत नाही. पहिलीचा अभ्यास त्यावाचून सुरूच होत नाही.

एक साधा धडा घेऊ: दशक आणि एकक. मुलांनी बांबूच्या बारीक काड्या मोजायच्या. दहा झाल्या की दोऱ्याने गठ्ठा बांधायचा. तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या म्हणजे बत्तीस. आता त्यातून सात काढायच्या. सुट्या दोनच आहेत, म्हणून एक गठ्ठा सोडावाच लागतो. ‘शेजारून एक उसना घेतला’ हे वाक्य वर्षानुवर्षे पाठ होत आले आहे. काड्यांच्या कामात त्यामागचे कारण डोळ्यांपुढे घडते. गठ्ठा मुलाने स्वतः बांधलेला असतो, त्यामुळे तो सोडताना दहा काड्या कुठून आल्या हे त्याला सांगावे लागत नाही.

मराठी संख्यानामांची अडचणही इथेच हलकी होते. ‘बत्तीस’ ऐकताना दोनाचा ध्वनी आधी येतो, लिहिताना तीन आधी येतो आणि मूल 23 लिहून मोकळे होते. बालभारतीच्या गणित समितीने 2019 साली दुसरीच्या पुस्तकात ‘तीस दोन’ अशी पर्यायी वाचनपद्धत दिली, तेव्हा राज्यभर वाद झाला. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांना जोडाक्षरांची ही नावे जड जातात, ही बाजू शांतपणे मांडली होती. ज्याची घरची बोली मराठी नाही, त्या मुलाला तर हा भार दुप्पट. समोर तीन गठ्ठे आणि दोन काड्या असल्या तर नाव कोणत्याही क्रमाने घेतले तरी संख्या बदलत नाही.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. मारिया माँटेसरींची पद्धत त्यांनी आपलीशी केली, पण महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. पुढे 1945 साली बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्यासोबत वारली मुलांसाठी काम उभे केले. तिथे खडे, शिंपले, बिया, पाने हेच साहित्य झाले. मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात गेली. कोसबाड आणि गडचिरोली राज्याच्या दोन टोकांना आहेत, पण प्रश्न तोच आहे: मुलाचे जगणे शाळेत कसे आणायचे?

22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर ज्ञानरचनावाद (मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते हा विचार) हा शब्द गावोगावी पोहोचला. साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. कित्येकांनी परत येऊन वर्ग खरोखर बदलले. काही ठिकाणी मात्र फरशीवर रंगवलेल्या आकृत्यांपुरतेच काम झाले. फरशी रंगवायला दोन दिवस पुरतात. ‘हा गठ्ठा का सोडलास?’ असे प्रत्येक मुलाला विचारायला रोजचा वेळ लागतो आणि शिकणे त्या विचारण्यातून होते.

विचारायचे म्हणजे मुलाच्या भाषेत विचारता आले पाहिजे. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकवण्याची सोय करावी, असे संविधानाचे कलम 350-अ 1956 पासून सांगते. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाने 1976 मध्ये आश्रमशाळा सुरू केली, तेव्हा माडिया मुलांशी बोलायचे कसे इथूनच सुरुवात होती. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 साली स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा उघडली. पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल हे तिचे नाव. मान्यता नाही म्हणून 2022 मध्ये शिक्षण विभागाची नोटीस आली. शिक्षण हक्क कायद्यात अशा शाळेला एक लाखापर्यंत दंड आणि पुढे दररोज दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एखादे गाव आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकवू पाहते, तेव्हा त्याच्याकडे आधी दंडाची नोटीस जावी, ही खेदाची गोष्ट आहे.

अडचणी खऱ्या आहेत. कायद्यानुसार 60 पटापर्यंत प्राथमिक शाळेत दोन शिक्षक असतात. जंगलातल्या लहान गावांत त्या दोघांवर पहिली ते चौथीचे वर्ग येतात. अशा वेळी हाताचे काम शिक्षकाची मदतच करते. पहिलीची मुले बिया मोजत असतील, दुसरीची गठ्ठे बांधत असतील, तर तिसरी-चौथीसाठी अर्धा तास मोकळा होतो. त्यासाठी साहित्य मुलांच्या हाती लागेल असे ठेवावे लागते. कुलूपबंद कपाटातल्या गणितपेटीचा या कामात काही उपयोग नाही.

पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानासाठीचे निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 रोजी सुरू झाले. त्यात पहिलीला 99, दुसरीला 999 आणि तिसरीला 9999 पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात असे लक्ष्य आहे. तेंदूची एक गोणी म्हणजे हजार पुडे आणि सत्तर हजार पाने, म्हणजे तिसरीच्या लक्ष्याच्याही पुढची संख्या. शाळासमूहाच्या (केंद्राच्या) शिक्षण परिषदेत अशा स्थानिक वस्तूंवरून धडे बसवणे, पहिलीच्या वर्गात बोली जाणणारी गावातली एक व्यक्ती मानधनावर नेमणे आणि चाचणीत कागदासोबत मुलाची कृतीही पाहणे, ही तीन कामे जिल्हा परिषदेला करता येण्याजोगी आहेत. पुड्यांच्या मोजणीवर ज्या घरांची वर्षाची मिळकत अवलंबून असते, त्या घरांतल्या मुलांना संकलन केंद्रावरचा हिशेब स्वतः तपासता यायला हवा.