दुसरी गिटार

‘‘दुसरी कायले पाह्यजे वं? एक हाये ना घरी!’’

अकोल्याहून येऊन बार्शीटाकळीच्या स्टँडवर उतरले आणि शेजारच्या मावशींनी मला गाठलंच. माझ्या खांद्यावर लांबोडकी काळी पिशवी. आत इलेक्ट्रिक गिटार. माझी नाही, लेकीची. तीही दुसरी. मावशींचं तरी काय चुकलं? आपण एका मिक्सरवर वीस वर्षं काढणाऱ्या बायका. त्यात ही पोरीसाठी दोन-दोन गिटारी घेते म्हणजे काय! तेव्हा स्टँडवर नीट सांगता आलं नाही, म्हणून आज सांगते.

लेक भीमगीतांच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवते. आमच्या वऱ्हाडात १४ एप्रिल काही एका दिवसात संपत नाही. आज अकोला, उद्या मूर्तिजापूर, परवा पातूर, असे कार्यक्रम पार मे महिन्यापर्यंत चालतात. वामनदादा कर्डकांची (१९२२-२००४) गाणी आम्ही पेटी-ढोलकीवर ऐकली. कडूबाई खरात तर हातातल्या एकतारीवर गर्दीला गप्प करतात. पण हल्ली स्टेजवर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, गिटार असं सगळं लागतं. या सगळ्या वाजवणाऱ्यांत मुलगी म्हणजे आमची एकटीच.

मागच्या वर्षी एका गावात कार्यक्रम ऐन रंगात आलेला. मीही समोर बसले होते. गाणं मध्यावर आलं आणि टप्प! गिटारची एक तार तुटली. मला वाटलं, सहातली एक गेली, पाच आहेत ना! पण तिने पुढचा सूर छेडला तर सगळंच बेसूर. पुढच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. कीबोर्डवाल्या दादाने कसंबसं गाणं ओढून नेलं. नवी तार लावून सूर जुळेपर्यंत दोन गाणी होऊन गेली होती.

रात्री परतताना गाडीत ऑर्केस्ट्राचे प्रमुख सहज बोलल्यासारखं बोलले, ‘‘पुढच्या साली गिटार नसली तरी चालते. कीबोर्डवर भागून जाते.’’

लेक काहीच बोलली नाही. खिडकीबाहेर अंधारात पाहत राहिली. माझ्या मात्र डोक्यात दुसरंच चाललं होतं. ढोलकीवाल्या दादाजवळ कायम दोन ढोलक्या असतात. त्याची पुडी फाटली तर तो हात मागे करतो आणि दुसरी ओढून घेतो. ढोलकीशिवाय भागवू, असं त्याला कधी कोणी म्हटलं नाही. तशी वेळच तो येऊ देत नाही!

एक तार तुटली तर बाकीच्या पाच का बिघडाव्या? घरी आल्यावर लेकीने गिटार उलटी करून दाखवलं. तारा खालच्या बाजूला ज्या पट्टीला अडकवतात, ती पट्टी तिच्या गिटारमध्ये स्प्रिंगांवर तरंगती असते. एकीकडून तारांचा ताण, दुसरीकडून स्प्रिंगांचा. तराजूच म्हणा. एक तार गेली की तराजू कलतो आणि उरलेल्या तारा चढतात. त्यात आमचा एप्रिल! अकोल्याचा पारा चाळिशीच्या वर. हाताच्या घामाने पोलादी तारा गंजतात. सर्वांत बारीक तार इंचाच्या हजारात नऊ भाग एवढीच जाड. ती तुटणारच.

माझी भिशी लागली होती. आठ हजार रुपये. म्हटलं, चल.

अकोल्यात दुकानदाराने आधी झगमगीत गिटारी दाखवल्या. सगळ्यांना हवं असतं ते फेंडरचं नाव. त्यांची स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली आली. अमेरिकेत बनलेली नवी घ्यायची तर आज लाखाच्या पुढे. तिच्यासारख्या दिसणाऱ्या गिटारी मात्र ढिगाने. लेकीची नजर कोपऱ्यात गेली. धूळ खात टांगलेली एक जुनी गिटार. यामाहा पॅसिफिका ०१२.

‘‘ते शिकाऊ पोरांची हाये ताई,’’ दुकानदार म्हणाला. ‘‘कोणी इचारत नाही तिले.’’

मीही विचारलंच, ‘‘यामाहाची तर गाडी येते ना?’’ आमच्या तरुणपणी आरएक्स १०० चा आवाज गल्लीभर घुमायचा. लेक हसायला लागली. मग कळलं, गाड्या नंतरच्या. तोराकुसू यामाहा या कारागिराने १८८७ साली शाळेतला एक ऑर्गन दुरुस्त केला, तिथून ही कंपनी सुरू झाली. ऑर्गन म्हणजे आपल्या पेटीच्याच कुळातला. गाडीच्या टाकीवर जे चिन्ह असतं ना, ते सूर जुळवायच्या तीन चिमट्यांचं!

मग पोरीने परीक्षा सुरू केली. आपण वांगी निवडतो तशी. गिटार बंदुकीसारखी डोळ्याजवळ धरून दांडी सरळ आहे का पाहिलं. दांडीच्या कडेने तळवा फिरवून धातूच्या पट्ट्या टोचतात का बघितलं. प्रत्येक तार प्रत्येक पट्टीवर दाबून वाजवली. वायर जोडून हलवली. बटण फिरवताना खरखर झाली, पण ती म्हणाली, हे धुळीने होतं, साफ केलं की जातं. आमच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या भावाने पुढे ते एका फवाऱ्यात बरं केलं.

तिला ती आवडायचं खरं कारण वेगळंच होतं. गिटारचा आवाज पकडायला तारांखाली लोहचुंबकावर गुंडाळलेल्या तारेची वेटोळी असतात. एकेरी वेटोळं आजूबाजूच्या विजेची घरघरही पकडतं. आमचे कार्यक्रम मैदानातले. मागे जनरेटर, वर लाइट. घरघर ठरलेली. यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये एक जोडवेटोळं तयार केलं. दोन वेटोळी उलटसुलट जोडली की दोघांची घरघर एकमेकींना खाऊन टाकते, गाणं तेवढं उरतं. या स्वस्तातल्या गिटारमध्ये दोन एकेरी आणि एक असं जोडवेटोळं आहे.

साडेसहा हजारांत सौदा झाला. उरलेल्या पैशांत तारांचे संच आणि जादा वायर. घरी आल्यावर तिने मागचे स्क्रू आवळून स्प्रिंगा घट्ट केल्या आणि ती तरंगती पट्टी लाकडावर टेकवून टाकली. आता एक तार गेली तरी बाकीच्या जागेवर राहतात. तारा पहिल्या गिटारच्याच जाडीच्या लावल्या, उंचीही तेवढीच ठेवली. घाईत बदलताना हाताला परकी लागू नये म्हणून.

यंदा एप्रिलमध्ये दुसरी गिटार सूर लावून तिच्या उजव्या हाताशी उभी असायची. चौथ्या-पाचव्या कार्यक्रमात तार पुन्हा तुटली. मला दिसलं, कारण मी तिच्याकडेच बघत होते. कोरस एक ओळ म्हणत होता, तेवढ्यात हिने गिटार बदलली आणि पुढच्या ओळीला ती गाण्यात होती. कोणी हसलं नाही. कोणाला कळलंच नाही.

गाडीत प्रमुखांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त म्हणाले, ‘‘पोरी, परवा पातूरले पाच वाजता निघाचं हाये. तयार राह्यजो.’’

परवा मावशी भेटल्या. मी विचारलं, ‘‘मावशी, घरी सिलिंडर किती?’’

‘‘दोन.’’

‘‘दुसरं कायले?’’

‘‘सयपाक अर्ध्यावर असला अन् संपलं तं?’’ मावशी बोलून गेल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि खुदकन हसल्या.