खोकला दोन आठवड्यांवर गेला तर…

घरात कुणी खोकू लागलं की आपण आल्याचा काढा देतो, मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून औषध आणतो. पण खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, ताप येत राहिला, वजन उतरलं, तर क्षयरोगाची तपासणी करायलाच हवी. हैदराबादमध्ये एर्रागड्ड्याचं सरकारी छाती रुग्णालय सर्वांना माहीत आहे. तरी आपली पावलं बहुधा खासगी दवाखान्याकडेच वळतात. तिथे उपचार नियमानुसार होतात का, हे कसं ओळखायचं?

भारतात क्षयरोग उपचारांची मानकं २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. ती सरकारी आणि खासगी, दोन्ही डॉक्टरांसाठी आहेत. त्यातल्या काही गोष्टी आपणही विचारू शकतो :

* थुंकीची तपासणी झाली का? नुसता एक्स-रे पुरेसा नाही. निदानासाठीच्या रक्तातील अँटिबॉडी चाचण्यांवर तर २०१२ पासून बंदी आहे.
* जंतू रिफाम्पिसिनला दाद देतात का, हे तपासलं का?
* गोळ्या वजनानुसार दिल्या का?
* मधुमेह आणि एचआयव्हीची चाचणी झाली का?
* सरकारकडे नोंद झाली का? २०१२ पासून ती खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे.
* घरातल्या इतरांची तपासणी झाली का?

खासगी डॉक्टरांना हे जमतं का? आपल्याच शहरातलं उदाहरण पाहा. महावीर रुग्णालयाने १९९५ मध्ये आसपासच्या खासगी डॉक्टरांना सोबत घेतलं. ते संशयित रुग्ण पाठवत. तपासणी आणि नोंद रुग्णालयात होई. सरकारी औषधं मोफत मिळत आणि रुग्ण घराजवळच्या नर्सिंग होममध्येही देखरेखीखाली गोळ्या घेत. पुढे देशभरातल्या अशा सहकार्यासाठी हा प्रयोग महत्त्वाचा ठरला.

नोंदीला घाबरू नका. नोंद झालेल्या रुग्णाला, उपचार खासगी असले तरी, पोषणासाठी दरमहा मदत मिळते. २०१८ मध्ये ती ५०० रुपये होती, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० झाली.

साध्या क्षयरोगाचे उपचार साधारण सहा महिन्यांचे. दोन महिन्यांत बरं वाटतं आणि तिथेच अनेकजण गोळ्या सोडतात. मग उरलेले जंतू औषधांना जुमानत नाहीत. मुलीचं लग्न ठरायचंय म्हणून आजार लपवणारी घरं आजही आहेत. खरं तर योग्य औषधं सुरू झाली की काही आठवड्यांतच संसर्गाची भीती बरीच कमी होते. रोग बरा होतो. लपवला तर घरभर पसरतो.