गोठ्याच्या भिंतीला लोणा का लागतो?

भंडारा जिल्ह्यातील सानगडीचे नाव निघाले की तिथला किल्ला आठवतो. परंतु मालगुजारांच्या या धानपट्ट्यात जुन्या बांधकामाचा आणखी एक प्रकार आहे : भाजक्या विटांचे वाडे, धानाची कोठारे आणि गोठे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. ज्या इमारती वापरात राहिल्या, त्यांचा खरा शत्रू आहे ओल.

वीट सच्छिद्र असते. जमिनीतील पाणी केशाकर्षणाने तिच्यातून वर चढते व सोबत क्षार आणते. गोठ्यात हे क्षार अधिक असतात, कारण गुरांच्या मूत्रातील युरियापासून अमोनिया व पुढे जिवाणूंमुळे नायट्रेट तयार होते. भिंतीच्या पृष्ठभागाशी पाणी उडून जाते. मागे राहिलेल्या क्षारांचे स्फटिक छिद्रांत वाढतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो.

यावर उपाय म्हणून सिमेंटचा गिलावा केला जातो. त्याने भिंत नवी दिसते, पण ओल आत कोंडते, अधिक उंच चढते आणि गिलाव्यामागे वीट झिजत राहते. चुन्याचे तसे नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून विरी गेलेल्या चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते. हा थर विटेपेक्षा मऊ व सच्छिद्र असल्याने ओल सांध्यांतून बाहेर पडते. झिजतो तो सांधा, आणि सांधा पुन्हा भरता येतो.

१९५८ चा केंद्रीय आणि १९६० चा राज्याचा पुरातत्त्व कायदा अधिसूचनेने संरक्षित घोषित केलेल्या वास्तूंनाच लागू होतो. केवळ शंभर वर्षे जुना म्हणून एखादा गोठा त्यांत बसत नाही. त्याचे रक्षण मालकाच्या हाती, म्हणजे बहुधा आपल्याच एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी असते.

वर्गात एक प्रयोग करावा. दोन कोरड्या विटा मिठाच्या पाण्याच्या ताटलीत उभ्या ठेवाव्यात. एकीच्या चारही बाजूंना खालपासून निम्म्या उंचीपर्यंत सिमेंट लावून ते आधी वाळू द्यावे. ताटलीतील पाणी आटू देऊ नये. दोन्हींत ओल किती चढते आणि पांढरे क्षार कोठे उमटतात, याची आठवडाभर रोज नोंद ठेवावी. त्यानंतर विद्यार्थ्यांनी गावातील जुन्या भिंतींवर ओलीची उंची मोजावी. दुरुस्तीचा निर्णय घेताना घरच्यांना ही नोंद उपयोगी पडेल.