निरभ्र आभाळ आणि फसवा उतार

भोपाळकरांना बर्फ भेटतो तो रसवंतीवर. त्यामुळे दर हिवाळ्यात इथून गुलमर्ग-मनालीकडे निघणाऱ्या हौशी मंडळींचं हिमज्ञान बहुतेक ऐकीव असतं. त्यातलं सर्वांत चिवट वाक्य असं: ‘दोन दिवस बर्फ पडलेला नाही, ऊन छान आहे, पायाखाली कडक लागतंय, म्हणजे उतार सुरक्षित.’ तिन्ही निरीक्षणं खरी असतील, निष्कर्ष मात्र साफ चुकीचा. कारण या हिशेबात वारा धरलेलाच नाही. डोंगरात बर्फ आभाळातून पडतो, तसाच शेजारच्या उतारावरूनही येतो. ताशी 25-30 किलोमीटरचा वारा सुटला की भुसभुशीत बर्फ उडतो आणि धारेपलीकडे, वाऱ्याच्या आडोशाला साचतो. चांदण्या रात्रीतसुद्धा तिथे नवा जाड थर तयार होऊ शकतो. वाटेत घरंगळताना हिमकण मोडतात, त्यांचे तुकडे घट्ट बसतात, म्हणून तो कडक लागतो. पण खालच्या थराला तो किती धरून आहे, हे त्या कडकपणावरून मुळीच कळत नाही. उलट अशा एकसंध थरात भेग पडली तर ती सरसर धावते आणि अख्खा उतार निसटतो.

‘पण आमच्याआधी दहा जण गेले की!’ गेले असतील. हा थर मधे जाड, कडेला पातळ असतो. जाड भागावरून दहा जण पार होतात. अकराव्याची स्की पातळ कडेवर येते आणि भार थेट खालच्या कमकुवत थरापर्यंत पोचतो. दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: वसंतात पहाटेचा कडक बर्फ खरंच भक्कम असतो. असतो, पण तो दिवसा वितळून रात्री गोठलेला. ऊन चढलं की तीही हमी संपते. म्हणून खुणा पाहाव्यात. धारेवर लोंबणारी हिमाची कड, तिच्याखालचा फुगीर, गुळगुळीत भाग, स्कीच्या टोकापासून पळणारी भेग, पायाखाली ‘धप्प’ असा बसका आवाज. उतार 30 ते 45 अंशांचा असेल, तर भेग किंवा तो आवाज, एवढंच मागे फिरायला पुरे.

बाकीचे समज थोडक्यात. ओरडल्याने हिमस्खलन होतं? दावोसच्या हिमसंशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये हिशेब मांडून दाखवलं, की आवाजाचा दाब त्यासाठी फारच अपुरा पडतो. जीवघेण्या अपघातांत थर बहुतेक वेळा सापडलेल्या गटातल्याच कुणाच्या तरी वजनाने तुटलेला असतो. अनुभवी माणसांना काही होत नाही? 8 फेब्रुवारी 2010 ला गुलमर्गजवळच्या खिलनमर्गमध्ये हिमस्खलनात दगावलेले 17 जवान लष्कराच्या उंच पर्वतीय युद्धशाळेतले होते. बीकन (अंगावरचं संदेशयंत्र) आहे ना? तो गाडलेला माणूस शोधायला उपयोगी, बर्फ थोपवायला नाही. आणि साधारण पंधरा मिनिटांनंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते. गोंडोला (रोपवे) चालू आहे ना? स्की-गस्तीच्या हद्दीबाहेर त्याला काही अर्थ नाही. गुलमर्गच्याच अफरवाट डोंगरावर 1 फेब्रुवारी 2023 ला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू दगावले.

चंडीगडची डीजीआरई ही सरकारी संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते वाचावेतच. मात्र इशारा मोठ्या टापूसाठी असतो. समोरच्या उतारापुरता प्रश्न आपणच विचारायचा: काल रात्री वारा कुठून सुटला होता, आणि त्याने उचललेला बर्फ कुठे नेऊन टाकला? उत्तर मिळत नसेल, तर त्या उतारावर जाऊ नये.